सातव्या ठोकळ्याची उंची

१

"हे आकडे माझे नाहीत."

सभागृहाच्या शेवटच्या रांगेत ती उभी राहिली आणि एवढंच बोलली. तिच्या डोक्यावर भलामोठा फलक होता, 'परस्पर सहकार्यातून राष्ट्रीय स्पर्धाक्षमता'. असले शब्द एका दमात वाचले की मला ठसका लागतो. पण त्या दिवशी कुणीच हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतं.

आधी काय झालं ते सांगते. मी निवृत्त वजनमापे निरीक्षक. पोकळ वजनं पकडण्यात उभा जन्म गेला. या मापन प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे माझे गुरू, आमचे सर. त्यांनी मला सोहळ्याला बोलावलं होतं. शेजारदेशाच्या प्रयोगशाळेने दहा पोलादी ठोकळ्यांची उंची मोजून ते आमच्याकडे पाठवले होते, आणि त्यांचे आकडे बंद लिफाफ्यात होते. तेच ठोकळे आम्ही आपल्या यंत्रावर मोजायचे, आपले आकडे दुसऱ्या लिफाफ्यात घालायचे, आणि आज दोन्ही लिफाफे सगळ्यांदेखत फोडायचे. आकडे जुळले तर करारावर सही होणार होती. मग आमच्या शिक्क्याची झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, त्यांच्या बंदरात पुन्हा तपासली जाणार नव्हती. आज आमच्या तीनशे कारखान्यांचा माल तिथे तपासणीच्या रांगेत तीन-तीन महिने पडून राहतो आणि तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. त्यातले वीसेक कारखानदार पुढच्या रांगांत नवे कपडे घालून बसले होते.

मिलिमीटरचे लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाला आमच्यात कण म्हणतात. दोन्हीकडच्या आकड्यांत सहा कणांपर्यंत फरक चालणार होता.

लिफाफे फुटले. दहाही ठोकळ्यांत फरक कुठे शून्य, कुठे एक. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांच्या प्रमुखबाईंनी मात्र हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि हळू आवाजात काहीतरी म्हटलं.

"निकाल अपेक्षेपेक्षाही छान आहे, असं त्या म्हणतायत," दोन्ही देशांतला समन्वयक घाईघाईने भाषांतर करत म्हणाला.

"नाही," प्रमुखबाई आमच्या भाषेत, अडखळत म्हणाल्या. "जास्तच छान. दोघं जण मोजतात तेव्हा थोडं भांडण होतंच. इथे भांडणच नाही. कुणीतरी आमचे आकडे आधी पाहिले."

आणि तेव्हाच मागून आवाज आला. बोलणारी होती मोजणी करणारी मुलगी, सरांची पुतणी. तिचे वडील ती सहा वर्षांची असताना गेले, तेव्हापासून सरांनीच तिला वाढवलं. मला ती मावशी म्हणते.

"असं असेल तर तुमची कच्ची वही दाखवा," प्रमुखबाई म्हणाल्या.

ती धावत प्रयोगशाळेत गेली आणि पाच मिनिटांनी रिकाम्या हाताने परत आली. वही जागेवर नव्हती.

२

सरांच्या केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. ते एकदम म्हातारे दिसायला लागले होते.

"उद्या दुपारचं त्यांचं विमान आहे," ते म्हणाले. "तोवर खरं काय ते कळलं नाही, तर आपलं नाव त्यांच्या यादीतून कायमचं जाईल. पोरीला तर कुठलीच प्रयोगशाळा दारात उभं करणार नाही. तू शोध. तुझ्यावर माझा विश्वास आहे."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी तीस वर्षं थांबले होते. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं.

"आणि हे बघ," दाराशी गेल्यावर त्यांनी मला थांबवलं, "तिने काही केलं असेल, तर भीतीपोटी केलं असेल. लहान आहे. अहवालात तसं सांभाळून लिही."

किती माया, असं मला वाटलं.

दोन्ही लिफाफे आठ दिवस कचेरीतल्या लोखंडी कपाटात होते. पाहुण्यांच्या लिफाफ्याची तोंडाची पट्टी सुरकुतलेली होती. चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून कुणीतरी ती उघडली होती आणि पुन्हा चिकटवली होती. आमच्या लिफाफ्यातला कागद टंकलेला होता. त्यावर कुणा व्यक्तीची सही नसते, फक्त प्रयोगशाळेचा शिक्का असतो, म्हणजे नवा कागद करायला शिक्का हाती लागला की पुरे. कपाटाची एक किल्ली समन्वयकाकडे होती. दुसरी किल्ली आणि शिक्का सरांच्या केबिनमध्ये होते आणि केबिनला कुलूप नसतं. म्हणजे या इमारतीत रोज वावरणाऱ्या चौघांपैकी कुणालाही हे जमलं असतं. सर, त्यांची पुतणी, समन्वयक आणि भांडारपाल. सरांना मी मनातल्या मनात यादीतून खोडलं आणि पुढे निघाले.

समन्वयक सुटाबुटात होता आणि घामाने निथळत होता. करार झाला तर त्याची नेमणूक पाहुण्यांच्या देशात होणार होती. हे त्याने लपवलं नाही, कारण सगळ्या कचेरीला ते तोंडपाठ होतं.

"किल्ली सतत तुमच्याकडेच असते?"

"सतत. झोपतानासुद्धा. बाई, मी आकड्यांच्या वाटेला जात नाही. दोन पानांची पुस्तिका वाचली यंत्राची, तेवढंच माझं विज्ञान."

"मग एवढा घाम कशाचा?"

"उकडतंय," तो म्हणाला. खोलीत थंड हवेचं यंत्र घरघरत होतं. "आणि ठोकळ्यांच्या पेटीचं म्हणाल, तर मी त्यात काही केलेलं नाही."

पेटीचं नाव मी काढलंच नव्हतं.

३

प्रयोगशाळेच्या दाराबाहेर भांडारपालाचं टेबल आहे. ठोकळ्यांची पेटी त्याच्या ताब्यात असते. माणूस बोलका, आणि बोलणं तोंडावर. त्याच्या भावाचा झडपांचा कारखाना आहे, हे त्याने मी विचारायच्या आत सांगितलं.

"म्हणजे करार व्हावा असं तुम्हालाही वाटत होतं."

"वाटत होतं कसलं, देव पाण्यात घालून बसलो होतो! भावाने दोन कामगार घरी बसवलेत. पण बाई, हा कागद आतल्या माणसाचा नाही. लिहून घ्या."

"का?"

त्याने भिंतीवरचा तांबडा दिवा दाखवला. मागच्या रस्त्याने मालवाहू गाड्या गोदामाकडे जातात. गाडी वळली की तो खिडकीतून बघून दिवा लावतो, आणि आत ती यंत्रावरचे हात उचलते.

"तरी जमीन शांत होत नाही," तो म्हणाला. "पुस्तिकेत लिहिलंय, यंत्र एका कणाइतकं नेमकं. असेल तिकडे. आपल्या इमारतीत तेच यंत्र तीन-तीन कण थरथरतं. एकच ठोकळा सकाळी मोजा, संध्याकाळी मोजा, आकडा हलणारच. मग दहाच्या दहा ठोकळ्यांत फरक फक्त एक? अहो, आंधळ्याने मोर काढावा तसं झालं हे!"

"थरथरीचं कुणाला माहीत आहे?"

"मला आणि पोरीला. तिने वर्षभराच्या नोंदी घेतल्यात त्याच्या. अहवाल या महिन्याअखेर द्यायचाय. बाकीचे सगळे पुस्तिका वाचणारे."

मी उठलेच. खोटा कागद करणाऱ्याने पुस्तिकेवर विश्वास ठेवून शेवटचा अंक एकाने इकडेतिकडे हलवला होता. म्हणजे आतली दोघं सुटली. आणि पुस्तिका वाचणारा सुटाबुटातला माणूस मला नुकताच भेटला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं त्याने पेटीचं नाव स्वतःच काढलं होतं.

मी त्याच्या खोलीत गेले. खोली रिकामी होती. परतले, तर भांडारपालाच्या टेबलामागची पेटी ठेवायची फळीही रिकामी होती.

४

पेटी घेऊन समन्वयक प्रयोगशाळेत उभा होता. समोर सरांची पुतणी होती. तो चक्क रडवेला झाला होता.

"सांग ना गं यांना! मी सांगितलं तर विश्वास नाही ठेवणार कुणी."

"काय सांगायचं ते मावशी विचारतील," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. "मावशी, माझे आकडे मला सगळे आठवत नाहीत. पण सातवा पक्का आठवतोय. सातवा ठोकळा त्याच्या छापील मापापेक्षा बासष्ट कण उंच होता."

"बासष्ट? आणि सहाच्या आत असेल तरच पास ना?"

"हो. पण ती माझी चूक नव्हती. बंदरावर पेटी यांच्या हातून पडली. सातव्याच्या कडेला पोचा आला आणि तिथलं पोलाद वर उचललं गेलं. म्हणजे ठोकळा खरोखरच उंच झाला. त्यांनी मोजला तेव्हा तो धड होता."

"मी हिच्या हातापाया पडलो," समन्वयक म्हणाला. "म्हटलं, घासून टाक तेवढं. ऐकेल तर शपथ!"

"दुसऱ्याचा ठोकळा घासायचा नसतो," ती म्हणाली. "जसा आहे तसा मोजायचा."

हे सरांचं वाक्य. मलाही त्यांनीच शिकवलं होतं.

समन्वयकाने कोटाच्या आतल्या खिशातून एक चुरगळलेलं पत्र काढलं. प्रमुखबाईंच्या नावे माफीपत्र होतं ते. पेटी माझ्या हातून पडली, सातव्या ठोकळ्याचा आकडा चुकीचा येईल, कृपया तो हिशोबात धरू नये. तारीख कालची होती. सातव्याचा निकाल वाईट आला की लगेच पुढे करायचं म्हणून त्याने ते खिशात ठेवलं होतं.

"आज सातवा जुळला, तेव्हा मला वाटलं देवच पावला. म्हणून गप्प बसलो. चुकलं माझं."

माझा सगळा डाव तिथेच कोसळला. स्वतः सातवा आकडा बदलणारा माणूस सातव्यासाठी माफीपत्र खिशात घेऊन कशाला फिरेल?

"पोचा आल्याचं कुठे लिहिलंय का?"

पेटीच्या झाकणात एक कार्ड असतं. पेटी ज्याच्या हातून जाते, तो ठोकळ्यांची अवस्था त्यावर लिहितो आणि सही करतो. ते कार्ड पेटीबरोबरच फिरतं, कधी फाइलला लागत नाही. 'क्रमांक सात, कडेला पोचा.' खाली समन्वयकाची सही, भांडारपालाची सही, तिची सही.

"आणि हे तुम्ही सरांना तोंडी सांगितलं नाही?"

जगातली सगळ्यात साधी गोष्ट मला कळत नाही, अशा नजरेने ती माझ्याकडे बघत राहिली.

"मावशी, मोजणी चालू असताना प्रमुखांशी ठोकळ्यांबद्दल अवाक्षरही बोलायचं नाही. सरांचाच नियम आहे."

मी कार्ड पुन्हा वाचलं. सह्या तीनच होत्या. माणसं चार होती.

मी तिथल्या स्टुलावर बसले, आणि त्या दोघांना काही कळू नये म्हणून पाणी मागितलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता प्रयोगशाळेत सगळे जमले. प्रमुखबाई, समन्वयक, भांडारपाल, सर. मी मुलीला सातवा ठोकळा मोजायला सांगितला. बाहेर दोनदा तांबडा दिवा लागला, दोनदा तिने हात उचलले. प्रमुखबाई तिच्या खांद्यामागून आकडा बघत होत्या.

एकसष्ट कण.

"थोडा वेळ थांबून पुन्हा," प्रमुखबाई म्हणाल्या.

त्रेसष्ट.

"आता बाकीचे नऊ."

तासाभराने नऊही झाले. कुठे दोन कणांचा फरक, कुठे चार, एकात पाच. सगळे सहाच्या आत. प्रमुखबाई पहिल्यांदाच हसल्या. "हे भांडण मला आवडलं," त्या म्हणाल्या.

मी बोलायला उभी राहिले तेव्हा मला सरांकडे बघवत नव्हतं, म्हणून मी यंत्राकडे बघून बोलले.

"खोटा कागद करणाऱ्याला दोन गोष्टी माहीत नव्हत्या. एक, हे यंत्र इथे तीन कण थरथरतं. त्याने यंत्राची पुस्तिका वाचली होती, पण या यंत्रावर तो कधी बसला नव्हता. म्हणून मुलगी सुटली आणि भांडारपाल सुटला. दुसरी गोष्ट, सातव्याला पोचा आलाय. ते माहीत असतं, तर त्याने सातव्यासमोर पाहुण्यांचा, पोचा येण्याआधीचा आकडा लिहिलाच नसता. पोच्याची खबर तिघांना होती, कार्डावर त्यांच्या सह्या आहेत. म्हणून समन्वयकही सुटले. राहिला एकच माणूस. त्याने आमचा लिफाफा आधी उघडला. सातव्यासमोर बासष्ट बघितले, आणि मोजणारीचा हात चुकला असं धरून चालला. एक चुकलाय म्हणजे सगळेच चुकले असतील. म्हणून त्याने पाहुण्यांचा लिफाफा वाफेवर धरला."

मी हातातलं कार्ड प्रमुखबाईंसमोर ठेवलं.

"त्याला फक्त एक प्रश्न विचारायचा होता, सातव्याला काय झालं? पण तो विचारला असता, तर लिफाफा फोडल्याची कबुली झाली असती. नियम त्यानेच केला होता." आता मात्र मी वळले. "सर, वही द्या."

त्यांनी नाही म्हटलं असतं, तर माझ्याकडे दुसरा पुरावा नव्हता. हे त्यांनाही ठाऊक होतं. पण तीस वर्षांत मी त्यांना कच्ची वही फाडताना किंवा जाळताना बघितलं नव्हतं. मोजणारा माणूस खून करील, पण वही नष्ट करणार नाही. ते उठले, केबिनमध्ये गेले आणि कापडी पाठीची निळी वही घेऊन आले. त्यांनी ती माझ्याकडे दिली, पुतणीकडे नाही.

प्रमुखबाईंनी पानं उलटली. वहीतले नऊ आकडे आजच्या आकड्यांपासून तीन कणांच्या आत होते. सातव्यासमोर बासष्ट, आणि पुढे तिच्या बारीक अक्षरात, 'कार्ड पाहा.'

कार्ड पाहा. इतकं स्पष्ट लिहिलं होतं तिने. त्यांनी आकडा वाचला आणि शब्द वाचले नाहीत.

समन्वयकाने भाषांतरासाठी तोंड उघडलं, पण प्रमुखबाईंनी त्याला थांबवलं. "यंत्र चांगलं. मुलगी फार चांगली," त्या स्वतःच म्हणाल्या. "कालच खरा कागद आला असता, सातव्याचं कारण कार्डावर बघितलं असतं, तर मी कालच सही केली असती. आज करू शकत नाही. मी दोन आकडे जुळवायला आले होते, पण सही माणसांवर विश्वास ठेवून करतात. सहा महिन्यांनी नवे ठोकळे पाठवते. प्रमुख नवा असेल तर."

भांडारपाल भिंतीला टेकला. "सहा महिने," तो स्वतःशीच म्हणाला. "भाऊ तोवर कारखाना विकेल."

६

पाहुणे विमानतळाकडे गेल्यावर आम्ही तिघं केबिनमध्ये होतो. सरांनी राजीनामा लिहून टेबलावर ठेवला होता. अक्षर नेहमीसारखंच सुंदर होतं.

"हा शोध माझ्याकडेच का दिलात?" मी विचारलं. "शहरात दुसरे तपासनीस काय कमी होते?"

त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "तू माझ्यावर संशय घेणार नाहीस, म्हणून."

तीस वर्षांच्या भक्तीचा त्यांनी एका वाक्यात हिशोब केला. मला राग यायला हवा होता. आधी लाज वाटली, कारण त्यांचा अंदाज जवळजवळ खरा ठरला होता. पहिल्या दिवशी त्यांचं नाव मी स्वतःच खोडलं होतं. राग मागून आला आणि अजून गेलेला नाही.

"अहवालात भीतीपोटी केलं असं लिही म्हणालात. मी तसं लिहिलं असतं, तर हिचं काय झालं असतं?"

"मी सांभाळलं असतं तिला. घरी."

मुलगी इतका वेळ खिडकीशी उभी होती. ती वळली.

"काका, तुम्ही हे केलंत कशासाठी?"

"तुला वाचवायला," ते म्हणाले. "तीनशे कारखाने, दोन सरकारं, सगळं तुझ्या एका आकड्यावर. लोक म्हणाले असते, पुतणीला चिकटवलं आणि तिने घात केला. मी बासष्ट बघितले आणि मला धडकीच भरली गं. तुझ्या बाबाला काय तोंड दाखवलं असतं मी?"

"मी चुकले असते तर चुकले म्हटलं असतं. नोकरी गेली असती. दुसरी बघितली असती." ती शांतपणे बोलत होती आणि ते ऐकवत नव्हतं. "पण मी चुकले नव्हते. त्यांचा आकडा आणि माझा आकडा तुमच्यासमोर होते. त्यांना तुम्ही एकदाही भेटला नव्हता. मला तर पहिली फूटपट्टी तुम्हीच हातात दिली होती. तरी तुम्हाला त्यांचा खरा वाटला."

सरांनी टेबलावरचा राजीनामा उगाचच सरळ करून ठेवला.

"आणि काल मी सगळ्यांसमोर ओरडत होते, हे आकडे माझे नाहीत. तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत बसला होता."

तिने टेबलावरची वही उचलली, पिशवीत घातली, आणि मला विचारलं, "मावशी, तुमच्याकडे एक खोली रिकामी आहे ना? सहा महिन्यांसाठी हवी होती. नवे ठोकळे यायचेत."

मी हो म्हटलं. सर उठून दारापर्यंत आले, पण त्यांना बाजूला व्हायला सांगायची वेळ तिच्यावर आली नाही. ते आपणच बाजूला झाले.